बॉल पायथन दिवाळीपासून खात नाहीये, ठाण्यात कोणी अनुभवी आहे का?

ऋता_घोडबंदर
नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय कारण आता खरंच काही सुचत नाहीये. माझ्या दादाचा बॉल पायथन आहे (परदेशी जातीचा बिनविषारी अजगर), नाव चिकू, नर, तीन वर्षांचा. दादा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि चिकूची जबाबदारी माझ्याकडे आली. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मानपाड्याच्या पुढे. दिवाळीच्या आधी त्याने एक उंदीर व्यवस्थित खाल्ला आणि तेव्हापासून काही म्हणजे काहीच नाही. उंदीर समोर धरला की जीभ लपलप करत जवळ येतो, बघतो, आणि मान फिरवून परत हाइडमध्ये, म्हणजे लपायच्या घरात, जाऊन बसतो. पाणी पितो, रात्री फिरतो, अंग पण मऊ वगैरे पडलेलं नाही. पण आता डिसेंबर संपत आला हो. आई रोज विचारते आज खाल्लं का, बाबांना सापाची भीती वाटते तरी ते सुद्धा ऑफिसमधून फोन करून विचारतात. दादा तिकडून व्हिडिओ कॉलवर बघतो आणि म्हणतो थांब थोडं, पण त्याचाही चेहरा उतरलेला असतो. उपाशी जीव घरात असताना आपल्या घशाखाली घास उतरत नाही. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

हर्प_खारघर
ताई आधी घाबरू नका. बॉल पायथन आणि न खाणं हे अगदी नेहमीचं आहे, त्यात नर, त्यात तीन वर्षांचा म्हणजे वयात आलेला, त्यात थंडी. माझ्याकडे दोन आहेत, त्यातला नर दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपास बंद करतो आणि उन्हाळा लागता लागता सुरू करतो. पण म्हणून सगळं सोडून द्यायचं असंही नाही, आधी बाकीच्या गोष्टी तपासायच्या. एवढं सांगा: वजन किती? दादा गेले तेव्हा किती होतं? गरम बाजूला तापमान किती, थंड बाजूला किती, आणि ते कशाने मोजता? हाइड किती आहेत? टाकी घरात कुठे ठेवलीय? उंदीर फ्रोजन की जिवंत? आणि किती किती दिवसांनी देता?

ऋता_घोडबंदर
दादाने वही ठेवलीय त्यात सप्टेंबरचं वजन १२४० ग्रॅम लिहिलंय. नंतरचं माहीत नाही. तापमान काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर आहे त्यात ३० दिसतं. हाइड एक, मोठं लाकडी घरासारखं. टाकी आधी दादाच्या खोलीत होती, दिवाळीच्या आधी घराला रंग दिला तेव्हा हॉलमध्ये आणली, टीव्हीच्या बाजूला, ती तिथेच आहे. उंदीर फ्रोजन, पांढरे. आई स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवू देत नाही म्हणून दादाने छोटा वेगळा फ्रीज घेतलाय. आणि द्यायचं म्हणजे, हल्ली एक दिवसाआड प्रयत्न करते, एखाद दिवशी भूक लागेल या आशेने.

हर्प_खारघर
बघा, तुमच्या उत्तरातच निम्मं उत्तर आहे.

पहिलं, एक दिवसाआड देणं आजपासून बंद. प्रत्येक वेळी झाकण उघडणार, चिमटा आत येणार, उंदीर नाकासमोर हलणार, त्याला ते जेवण वाटत नाही, त्रास वाटतो. आता निदान दहा-बारा दिवस काहीही देऊ नका, हातात घेऊ नका, फक्त पाणी बदला आणि घाण असेल तर काढा.

दुसरं, तो काचेचा थर्मामीटर काढून टाका. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, साप बसतो जमिनीवर. वायरला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, असलेला डिजिटल मिळतो, दोन घ्या, एक प्रोब गरम बाजूच्या हाइडच्या आत जमिनीवर आणि एक थंड बाजूला. गरम बाजू ३१ ते ३३ अंश हवी, थंड बाजू २५ ते २७. हीट मॅट (टाकी गरम ठेवणारी विजेची चटई) असेल तर थर्मोस्टॅट लावलाच पाहिजे, नाहीतर मॅट तापत जाते आणि साप भाजतो, हे मी दुसऱ्याच्या घरी डोळ्यांनी बघितलंय. डिसेंबरात घोडबंदरला रात्री येऊरच्या बाजूने चांगला गारवा येतो आणि तुमच्या त्या गोल काट्याला तो कळणार नाही. पोट गरम नसेल तर सापाला पचत नाही, आणि पचणार नाही हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळतं, म्हणून तो खातच नाही.

तिसरं हाइड. ह्यांचं मूळ घर म्हणजे पश्चिम आफ्रिका, घाना, टोगो, बेनिन तो सगळा भाग. तिथे ते उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दिवस काढतात, पाठ आणि दोन्ही कुशी भिंतीला लागल्या पाहिजेत असं अरुंद भोक. मोठं हवेशीर लाकडी घर माणसाला छान वाटतं, त्याला उघड्यावर बसल्यासारखं वाटतं. दोन हाइड घ्या, दोन्ही अगदी घट्ट, एक गरम बाजूला एक थंड बाजूला. उलटा प्लास्टिकचा टब घेऊन दार कापलं तरी चालतं, कडा घासून घ्या फक्त.

आणि टाकी टीव्हीजवळून हलवा.

पाचपाखाडी९०
एक विचारू का, हे कायदेशीर आहे का? मला वाटायचं भारतात साप पाळणं गुन्हा आहे.

येऊरवाला
आपल्याकडचा कुठलाही साप, मग तो नाग असो, धामण असो नाहीतर साधा दिवड, घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हाच आहे. मी सर्पमित्र म्हणून काम करतो, मलाही पकडलेला साप घरी ठेवता येत नाही, वनखात्याला कळवून सोडावाच लागतो. बॉल पायथन परदेशी, पण तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. २०२४ मध्ये त्याचे नियम आले, अर्ज सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायचा असतो. मालक बदलला, प्राणी मेला, पिल्लं झाली, सगळं कळवायचं असतं. ऋता, तुमच्या दादांनी केलीय का नोंदणी? आता ते परदेशी आहेत तर कागद कोणाच्या नावावर हेही विचारून घ्या.

ऋता_घोडबंदर
हो दादाने केलीय, कागद फाइलमध्ये आहेत. माझ्या नावावर करायचं आम्ही बोललो होतो, ते आता मागे लागून करून घेते. धन्यवाद.

आज संध्याकाळी मी चिकूचं वजन केलं. झाकणाच्या डब्यात ठेवून किचनच्या काट्यावर, म्हणजे वेगळा काटा आणला हं, आईचा नाही. ११९५ ग्रॅम भरला. म्हणजे ४५ ग्रॅम कमी झालंय. हे खूप आहे का? आणि प्रोबवाला थर्मामीटर आणला, गरम बाजूला जमिनीवर २७ दाखवतोय आणि थंड बाजूला २३.

वेट_नेरूळ
मी पशुवैद्य आहे, एक्झॉटिक, म्हणजे साप वगैरे वेगळे पाळीव प्राणी, बघतो. धागा वाचत होतो, आता लिहितो.

१२४० चं ११९५ म्हणजे साधारण साडेतीन टक्के. तीन महिन्यांत एवढं काळजीचं नाही, मोठ्या बॉल पायथनसाठी तर नाहीच. साधारण दहा टक्के उतरलं, म्हणजे तुमच्या बाबतीत १११५ च्या आसपास आलं, की थांबायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. आठवड्यातून एकदाच वजन करा, एकाच वाराला, वहीत लिहा. रोज करू नका, आज लघवीचा पांढरा खडा टाकला की उद्या वजन कमी दिसतं आणि तुम्ही उगाच रात्रभर जागाल.

२७ आणि २३ हे मात्र नक्कीच कमी आहे, हे आधी नीट करा.

वजनापेक्षा मी पुढच्या गोष्टींना जास्त घाबरतो: नाकातून बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, तोंड उघडं ठेवून आणि मान वर करून श्वास घेणं, हिरड्यांना सूज किंवा पिवळट थर, खवल्यांखाली नाहीतर डोळ्याच्या कडेला बारीक काळे किडे, पाठीचा कणा वर दिसणं, कातडी चिमटीत धरली की सुरकुती तशीच राहणं. ह्यातलं एक जरी दिसलं तरी दिवस मोजत बसायचं नाही. आणि आता शेवटची विष्ठा सापडली तर डबीत ठेवून जंतांसाठी तपासून घ्या, फुकट जात नाही ती तपासणी.

सीवूड्स_एस
माझ्या ओळखीत एकाने रात्री जिवंत उंदीर टाकून ठेवला होता, सकाळी साप खाऊन मोकळा झाला होता. ते करून बघायला काय हरकत आहे?

वेट_नेरूळ
मोठी हरकत आहे. ज्या सापाला भूक नाही तो उंदराकडे लक्षही देत नाही, आणि उंदराला मात्र रात्रभर भूक लागते. माझ्याकडे आलेल्या एका सापाची पाठ उंदराने कण्यापर्यंत कुरतडली होती. साप तसाच पडून होता, बाजूला सरकलाही नव्हता. टाके घालायला कातडी उरली नव्हती. कृपा करून जिवंत उंदीर टाकून झोपायला कोणीही जाऊ नका.

तसंच तोंड उघडून घशात ढकलण्याचे व्हिडिओ फिरतात. ते फक्त डॉक्टरच्या हातून आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून. घरी केलं तर दात तुटतात, घसा फाटतो, नाहीतर साप दोन दिवसांनी सगळं ओकतो, आणि ओकणं हे न खाण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

नौपाडा_काका
मी जुना माणूस, पण मनापासून विचारतो. आमच्या लहानपणी नागपंचमीला गारुडी यायचा, नाग वाटीतलं दूध पिताना आम्ही बघितलंय. ह्या मुलीच्या सापाला थोडं कोमट दूध देऊन बघितलं तर? निदान पोटात काही जाईल.

येऊरवाला
काका, तुमचा जिव्हाळा कळतो. तुम्ही जे बघितलं ते खरंच बघितलं, पण त्या नागाला गारुडी बरेच दिवस पाणी देत नसे, तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते ओलं पितो. दूध सापाला पचत नाही. कितीतरी नाग नागपंचमीच्या त्या दिवसांत त्यानेच मेले. सापाला पूर्ण उंदीर लागतो, हाडं आतडी सगळ्यासकट, त्यातूनच कॅल्शियम मिळतं. म्हणून नुसते चिकनचे तुकडेही नकोत, अंडंही नको.

नौपाडा_काका
समजलं. बरं झालं विचारलं. मुली, चिकूचं कळव हो, मी रोज बघतो इथे.

ऋता_घोडबंदर
काका नक्की. आई तुमचा मेसेज वाचून म्हणाली बघ मी पण हेच म्हणत होते.

आज काय काय केलं ते सांगते. टाकी परत दादाच्या खोलीत नेली. तीन बाजूंनी बाहेरून काळा चार्ट पेपर लावला. दोन काळे टब आणून दारं कापली. मॅटला थर्मोस्टॅट होताच, त्याचा प्रोब काचेवर वर कुठेतरी लटकत होता, तो मॅटवर बसवला आणि टेपने घट्ट केला. आता गरम बाजूला ३१.५ दाखवतंय. एक प्रश्न, समोर टॉवरचं पायलिंग चालू आहे, दिवसभर धडधड असते, घरातली भांडी हलतात. त्याचा त्रास होत असेल का?

हर्प_खारघर
होत असेल. बाहेरचा कान नाही त्यांना पण जमिनीची थरथर खालच्या जबड्यातून आत पोचते. टाकीखाली जाड फोम किंवा जुनी योगा मॅट दुमडून घाला, लोखंडी रॅकवर असेल तर लाकडी टेबलावर घ्या. आणि उंदीर रात्रीच द्या, तेव्हा काम बंद असतं आणि तसाही तो निशाचर आहे.

आता हवेबद्दल. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रतेचा प्रश्नच नसतो, उलट जास्त होते. पण डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात हवा कोरडी पडते, घरात ४० वर येते कधी कधी. ५५ ते ६५ टक्के ठेवा, कात टाकायच्या वेळी ७० पर्यंत गेली तरी चालते. पाण्याचं मोठं भांडं गरम बाजूकडे सरकवा, झाकणाची अर्धी जाळी झाकून टाका. वरून फवारत बसू नका, खालचं भिजून राहिलं की पोटाला फोड येतात.

ऋता_घोडबंदर
मंडळी घाबरून लिहितेय. काल रात्रीपासून चिकू श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. खोलीत शांतता असली की स्पष्ट ऐकू येतो. डॉक्टर म्हणाले होते श्वासाचं काही दिसलं तर थांबायचं नाही. ठाण्यात दोन ठिकाणी फोन केला, एकाने सांगितलं फक्त कुत्रा-मांजर, दुसऱ्याने साप म्हटल्यावर फोनच ठेवला. काय करू?

वेट_नेरूळ
आधी मला हे सांगा, तोंड बंद आहे ना? बुडबुडे, लाळ? रंग फिकट वाटतोय का? डोळे बघा, टॉर्च थेट मारू नका, बाजूने.

ऋता_घोडबंदर
तोंड बंद आहे. बुडबुडे नाहीत, लाळ नाही. रंग हो, दोन-तीन दिवस मळकट वाटतोय, मला वाटलं खोलीतला उजेड कमी म्हणून. आणि डोळे... डोळ्यावर निळसर दुधी पडदा आल्यासारखा आहे, बुबुळच दिसत नाही नीट. पोट गुलाबी.

वेट_नेरूळ
मग बहुतेक कात टाकायची तयारी चालू आहे. नाकपुडीच्या आतली कातडी पण सुटते, ती सैल झाली की श्वासाबरोबर शिट्टी वाजते. डोळ्यावरचा खवला पण त्याच कातेचा भाग असतो, म्हणून निळं दिसतं. चार-पाच दिवसांत डोळे परत स्वच्छ होतील आणि त्यानंतर थोड्या दिवसांत कात येईल. ह्या काळात बॉल पायथन सहसा खातच नाही, त्याला दिसतही नसतं धड. काही देऊ नका, आर्द्रता वाढवा.

पण फोनवरून मी फुफ्फुस ऐकू शकत नाही. कात पूर्ण निघाल्यावरही शिट्टी राहिली तर दाखवायचंच. ठाण्यात कोणी बघत नसेल तर परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलला आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा, नाहीतर मला मेसेज करा, नेरूळला आणा. नेताना सुती उशीच्या अभ्र्यात घालून वर गाठ मारा आणि तो अभ्रा भोकं असलेल्या डब्यात ठेवा. गाडीचा एसी बंद.

हर्प_खारघर
कात एकसंध आली पाहिजे, शेपटीच्या टोकापासून डोळ्यांच्या दोन गोल चकत्यांसकट. डोळ्यावर राहिली तर नखाने काढायला जाऊ नका कोणी.

ऋता_घोडबंदर
आली!! आज पहाटे कात टाकली, पूर्ण एकसंध, मी ती ओल्या हातांनी हळूच उलगडून बघितली, दोन्ही डोळ्यांच्या चकत्या आहेत, शेपटीचं टोक आहे. शिट्टी बंद. आणि रंग काय दिसतोय त्याचा, चॉकलेटी काळ्यावर सोनेरी ठसे, आई स्वतःहून खोलीत येऊन बघून गेली, दारातूनच पण आली. वजन ११८०.

आता देऊ का उंदीर?

हर्प_खारघर
दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग द्या. आता पद्धत सांगतो, ही पद्धत महत्त्वाची आहे कारण फ्रोजन म्हटलं की निम्मा खेळ तापमानाचा असतो.

आदल्या रात्री उंदीर फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायचा, हळूहळू सुटतो. मायक्रोवेव्ह कधीच नाही, आतून शिजतो आणि पोट फुटतं. द्यायच्या आधी झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवायचा, उकळतं नाही, हात सहन करेल इतपत. पोट चेपून बघायचं, आत गार गाठ लागता कामा नये. मग पिशवीतून काढून हेअर ड्रायरने कोरडा करायचा आणि शेवटी डोकं जरा जास्त गरम करायचं, ३८ ते ४० च्या आसपास. चिकूच्या वरच्या ओठावर बारीक खळगे दिसतील, त्यातून त्याला उष्णता कळते, अंधारात तो त्याच्यावरच नेम धरतो. गार उंदीर त्याच्यासाठी दगड आहे.

लांब चिमट्याने पाठीकडून धरायचा, हाइडच्या दारासमोरून हळू जाऊ द्यायचा, त्याच्या तोंडावर खुपसायचा नाही. पाच मिनिटांत घेतला नाही तर दाराशी ठेवून दिवा बंद करून बाहेर पडायचं. सकाळी पडून असेल तर फेकून द्यायचा, आपल्या हवेत परत फ्रीज करण्यासारखा राहत नाही. मग पुढचे दोन आठवडे नाव काढायचं नाही. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका, न खाणाऱ्यासाठी थोडा लहानच बरा.

वेट_नेरूळ
हात साबणाने धुवा, आधी पण आणि नंतर पण. साप आणि उंदीर दोन्हींकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. भांडी, चिमटा, ड्रायर सगळं वेगळं. घरात वयस्कर माणसं किंवा लहान बाळ असेल तर जास्तच.

ऋता_घोडबंदर
दिला. नाही घेतला. दाराशी ठेवला, सकाळी तसाच. पण ह्या वेळी एक फरक होता, मान फिरवली नाही, बराच वेळ इंग्रजी एससारखी मान मागे घेऊन बघत बसला होता. मी श्वास रोखून बसले होते. आता तुम्ही म्हणालात तसं दोन आठवडे काही नाही. बाबांनी विचारलं हा किती वर्षं जगतो, मी म्हटलं वीस-तीस, ते गप्पच झाले.

येऊरवाला
बाबांना सांगा, अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेली एक बॉल पायथन मादी आहे म्हणून २०२० मध्ये बातमी आली होती, त्या वयात तिने अंडी घातली होती. सांगायचा मुद्दा, पाळणं म्हणजे लेकरू सांभाळण्यासारखं लांबचं काम आहे. ऋता, तुम्ही दुसऱ्याने आणलेला जीव इतक्या आपुलकीने सांभाळताय ह्याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्याकडे न झेपल्यामुळे सोडून दिलेले प्राणी येतात. परदेशी साप कोणी येऊरच्या जंगलात नेऊन सोडतो, त्याला वाटतं मोकळं केलं. तो मरतो तरी, नाहीतर इथल्या प्राण्यांना रोग देतो. सांभाळणं जमत नसेल तर सोडू नका, १९२६ वर वनखात्याला फोन करा.

हर्प_खारघर
एससारखी मान म्हणजे नेम धरत होता. चांगलं लक्षण आहे.

ऋता_घोडबंदर
बरेच दिवसांनी लिहितेय. फेब्रुवारी असाच गेला. दोन आठवड्यांनी एकदा देत होते, नाही घेतला. वजन ११७० वर येऊन थांबलं, सलग तीन रविवार तेवढंच. मधे नेरूळला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, त्यांनी तोंड बघितलं, फुफ्फुस ऐकलं, विष्ठा तपासली, सगळं स्वच्छ. त्यांनी एकच सांगितलं, ऊन वाढू दे.

आणि काल रात्री, होळीच्या आदल्या दिवशी, खाल्लं!!!

दिवे बंद केले होते, पॅसेजमधला तेवढा चालू होता. उंदीर दारासमोरून नेला, दुसऱ्यांदा नेला, आणि मला कळायच्या आत चिमट्याला झटका बसला. उंदीर चिमट्यात नव्हताच. तीन वेढे पडले होते, इतके घट्ट की उंदराचा फक्त मागचा एक पाय आणि शेपूट बाहेर. तसाच बराच वेळ धरून बसला, मेलेलाच उंदीर होता तरी पिळत होता. मग एकेक वेढा ढिला केला, उंदराच्या अंगावरून नाक फिरवत डोकं शोधलं आणि तिथून सुरू केलं. खालचा जबडा एकदा डावीकडून पुढे, एकदा उजवीकडून पुढे, असं चालतच उंदरावर चढल्यासारखं. शेपूट आत गेल्यावर दोनदा मोठी जांभई दिली, जबडे जागेवर बसवायला असावी. मग गरम बाजूच्या टबात. मी आईला उठवलं, आईने दादाला फोन लावला, तिकडे तो ऑफिसातून निघत होता, त्याला बोलताच येईना.

नौपाडा_काका
वा वा मुली! आज आमच्याकडे पुरणपोळी आहे, तुझ्या नावाची एक जास्त.

वेट_नेरूळ
उत्तम. आता ४८ तास हात लावायचा नाही, पाहुण्यांना दाखवायलाही काढायचा नाही. पुढचा उंदीर दहा दिवसांनी, आत्ता दिला तेवढाच किंवा लहान. राहिलेलं वजन भरून काढायच्या नादात मोठा देऊ नका. आणि नोव्हेंबरात परत बंद केलं तर वही काढा आणि ह्या वर्षीचे आकडे समोर ठेवा.

कळवा_कॉर्न
धागा पूर्ण वाचला, खूप आधार वाटला. माझ्याकडे कॉर्न स्नेकचं पिल्लू आहे, मागच्या महिन्यात आणलं, अजून एकदाही पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू) घेतली नाही. म्हणजे मी पण असंच दोन-तीन महिने थांबू ना?

वेट_नेरूळ
नाही, अजिबात नाही. इथलं थांबणं हे किलोभर वजनाच्या प्रौढ नरासाठी होतं, त्याच्या अंगात चरबीचा साठा असतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाकडे थोडं बलक उरलेलं असतं, ते पहिल्या कातेपर्यंत पुरतं, मग काही नाही. कॉर्नला तापमान पण कमी लागतं, गरम बाजू २९-३०. पिल्लू लहान झाकणाच्या डब्यात, कागदाच्या तुकड्यांत, अंधारात ठेवा आणि पिंकी गरम करून आत ठेवून रात्रभर उघडू नका. पाल पकडून तिचा वास लावा असं कोणी सांगेल, बाहेरच्या पालीतून जंत येतात, नको. ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे का? आजचं वजन, आणल्याची तारीख, कात किती वेळा टाकली, एवढं आज रात्री मला मेसेज करा आणि उद्या सकाळी फोन करून घेऊन या.

कळवा_कॉर्न
काटा आहे. आत्ता करतो आणि पाठवतो. उद्या ठाणे-वाशी लोकलने आणलं तर चालेल का?

वेट_नेरूळ
चालेल, गर्दीची वेळ टाळा, डबा कापडात गुंडाळून मांडीवर ठेवा. अकरानंतर या.